रोजा आणि रोगप्रतिकारशक्ती : वर्गात आणि घरात काय सांगायचं?



रमजान जवळ आला की मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणतो, रोजा ठेवल्याने रोगप्रतिकारशक्ती दुप्पट होते आणि यावर नोबेलसुद्धा मिळालंय. दुसरा म्हणतो, दिवसभर पाणी न प्यायल्याने प्रतिकारशक्ती संपते आणि माणूस आजारी पडतो. दोन्ही मेसेज पालकांच्या ग्रुपवर येतात. मग दुसऱ्या दिवशी वर्गात एखादं पोर विचारतंच, "मॅडम, यातलं खरं कुठलं?"

उत्तर आधी थोडक्यात सांगते. निरोगी, प्रौढ माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीत रोजांमुळे थोडेफार बदल होतात. ते सौम्य असतात आणि रमजान संपल्यावर बहुतेक पूर्ववत होतात. ती दुप्पटही होत नाही आणि संपतही नाही. मात्र आजारी माणूस आणि लहान मूल यांचा हिशोब वेगळा आहे. हे असं का, ते आता क्रमाने पाहू.

१) रोजा म्हणजे काय?

रमजान हा हिजरी कालगणनेतला नववा महिना. तो २९ किंवा ३० दिवसांचा असतो. या महिन्यात पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही आणि पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहाटेच्या आधीचं जेवण म्हणजे सहरी आणि सूर्यास्तानंतर रोजा सोडताना खातात ती इफ्तार. आपल्या महाराष्ट्रात मार्चच्या सुरुवातीला रोजा साधारण १३ तासांचा असतो, जूनमध्ये तो साडेचौदा तासांच्या आसपास जातो. युरोपच्या उत्तर भागात उन्हाळ्यात हाच रोजा १८ तासांच्याही पुढे जातो. त्यामुळे एका देशातला, एका ऋतूतला निष्कर्ष जसाच्या तसा दुसरीकडे लागू होत नाही.

एक गोष्ट आपल्या ध्यानात असू द्या. रोजा हा आरोग्याचा उपाय म्हणून ठेवला जात नाही. ती इबादत आहे, संयमाचा आणि भुकेल्यांची जाणीव ठेवण्याचा महिना आहे. विज्ञानाने फायदा सिद्ध केला तरच रोजा योग्य, असं कोणी श्रद्धाळू मानत नाही. म्हणून वर्गात बोलताना श्रद्धेची परीक्षा घेऊ नये. आपण फक्त शरीरात काय घडतं एवढंच पाहायचं.

२) रोगप्रतिकारशक्ती नेमकी काय असते?

आपण सहज म्हणतो, "याची प्रतिकारशक्ती कमी आहे." जणू ती टाकीतल्या पाण्यासारखी एकच गोष्ट आहे! प्रत्यक्षात ती मोठी व्यवस्था आहे. त्वचा, नाका-घशातला ओलसर थर, पोटातलं आम्ल ही तटबंदी. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी हे सैन्य. प्लीहा आणि लसिका ग्रंथी ही ठाणी. शिवाय या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी रासायनिक पदार्थ सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही व्यवस्था 'जास्त' झाली म्हणजे चांगलंच, असं नसतं. धुळीच्या कणावर ती तुटून पडली की ॲलर्जी आणि दमा. स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की आमवात. म्हणजे आपल्याला हवा असतो तोल. कोणी 'इम्युनिटी वाढवा' असं सांगत आलं, तर आधी विचारावं, "नेमकं काय वाढवायचं?"

३) सहरीपासून इफ्तारपर्यंत

सहरीनंतरचे तीन-चार तास शरीर जेवणातून आलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर चालतं. त्यानंतर यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन बाहेर निघतं. प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. दुपारनंतर तो उतरत जातो, इन्शुलिन कमी झालेलं असतं आणि शरीर चरबी अधिक प्रमाणात वापरू लागतं. इफ्तारची वेळ होते तेव्हा साठा बराच खाली आलेला असतो, आणि तेवढ्यात खजूर तोंडात पडतो. थोडक्यात, रोज थोडी उधारी आणि रोज संध्याकाळी परतफेड.

पाण्याचं असं आहे. लघवी कमी आणि गडद होते, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. निरोगी प्रौढाची मूत्रपिंडं १३-१४ तास हे काम निभावून नेतात. पण उन्हात कष्टाचं काम, ताप किंवा जुलाब असतील तर हीच गोष्ट अवघड होते.

४) पांढऱ्या पेशी कुठे जातात?

उपाशी राहिल्यावर रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसतात. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १२ निरोगी माणसांना १९ तास उपाशी ठेवून रक्त तपासलं, तेव्हा मोनोसाइट नावाच्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. मग त्या मेल्या का? तर नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की अन्न मिळेना झाल्यावर या पेशी रक्तातून अस्थिमज्जेत माघारी जाऊन थांबतात.

मुलांना हे असं सांगता येईल. जत्रा संपली की रस्त्यावरचे पोलीस कमी दिसतात. त्यांची नोकरी गेलेली नसते, ते ठाण्यात परतलेले असतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की २४ तास उपाशी ठेवलेल्या उंदरांना पुन्हा खायला दिल्यावर या पेशी लोंढ्याने रक्तात परतल्या, आणि त्यावेळी फुप्फुसाचा जंतुसंसर्ग झाला तर तो जास्त बळावला. उंदराचे २४ तास म्हणजे माणसाचे २४ तास नव्हेत, त्याच्यासाठी तो फार मोठा उपवास आहे. म्हणून याचा अर्थ 'इफ्तार धोकादायक' असा काढू नये. एवढंच घ्यायचं की उपवास हे एका बाजूनेच काम करणारं औषध नाही, त्याला दोन बाजू आहेत.

५) प्रत्यक्ष रोजे ठेवणाऱ्यांवरचा अभ्यास

२०१२ मध्ये 'न्यूट्रिशन रिसर्च' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात ५० निरोगी माणसं होती, २१ पुरुष आणि २९ स्त्रिया. त्यांची तपासणी तीनदा झाली : रमजानच्या एक आठवडा आधी, रमजानच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आणि रमजान संपल्यावर एका महिन्याने. रमजानमध्ये इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे सायटोकाइन कमी झाले. वजन आणि चरबीही घटली. रक्तातल्या प्रतिकार पेशी कमी झाल्या, पण त्या सामान्य मर्यादेतच राहिल्या.

पुढे २०१७ मध्ये 'फ्रंटियर्स इन इम्युनॉलॉजी' मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचाही सूर हाच होता : रमजानच्या रोजांचा प्रतिकारव्यवस्थेवर सौम्य परिणाम होतो आणि तो नंतर लवकरच पूर्वपदावर येतो.

आता एक गंमत बघा. २०१२ चा तोच निकाल घेऊन एकजण म्हणेल, "दाह कमी झाला, म्हणजे फायदा!" दुसरा म्हणेल, "पेशी कमी झाल्या, म्हणजे नुकसान!" दोघेही अर्धाच कागद वाचत आहेत. निरोगी माणसात सामान्य मर्यादेत झालेला बदल म्हणजे तो कमी आजारी पडेल किंवा जास्त आजारी पडेल, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष किती जण आजारी पडले ते मोजावं लागतं.

आपल्यासारख्या शिक्षकांसाठी यात आणखी एक मोठा धडा आहे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण मुलांना शिकवतो. एक रोप उन्हात आणि एक सावलीत ठेवायचं, पण पाणी, माती, कुंडी सारखीच ठेवायची. रमजानमध्ये मात्र एकाच वेळी किती गोष्टी बदलतात ते मोजा. जेवणाची वेळ बदलते, पदार्थ बदलतात, झोप बदलते. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांची दिवसभर बंद होते. नमाज, दानधर्म, एकत्र बसून जेवणं यांमुळे मनही शांत होतं. मग दाह कमी झाला तो कशामुळे? उपाशी राहिल्याने, वजन घटल्याने की सिगारेट सुटल्याने? केवळ आधी-नंतर रक्त तपासून याचं नेमकं उत्तर मिळत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या. वैज्ञानिक दृष्टिकोन यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

६) मग तो नोबेलचा मेसेज?

२०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे खरं. विषय होता ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःच्या आतला मोडका-तोडका भाग मोडून त्याचा पुन्हा वापर करणं. ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टच्या पेशींना अन्न तोडून ही यंत्रणा पाहिली आणि ती चालवणारी जनुकं शोधली. पाव फुगवायला वापरतात तेच हे यीस्ट. नोबेल मिळालं ते या यंत्रणेच्या शोधासाठी. रमजान, एकादशी किंवा कोणत्याही उपवासाने रोग बरे होतात, असा त्या शोधाचा अर्थ नाही.

दुसरा मेसेज 'तीन दिवस उपाशी राहा, नवी प्रतिकारशक्ती मिळवा' असा असतो. त्यामागे अमेरिकेत व्हॉल्टर लाँगो यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे. ते मुख्यतः उंदरांवर होतं, आणि त्यात दोन ते चार दिवसांचा सलग उपवास पुन्हा पुन्हा करवला होता. रोजा दर संध्याकाळी सुटतो. दोन्हींची सांगड घालणं म्हणजे शंभर मीटरची शर्यत पाहून मॅरेथॉनचा निकाल सांगण्यासारखं आहे.

विरुद्ध बाजूच्या मेसेजलाही हाच न्याय लावायला हवा. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने रमजानसाठी सूचना काढल्या. उपवास आणि कोरोनाचा धोका यांवर तेव्हा अभ्यास झालेला नाही, निरोगी लोक पूर्वीप्रमाणे रोजे ठेवू शकतात, आणि कोरोना झालेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन धर्माने दिलेल्या सवलतीचा विचार करावा, असं त्यात म्हटलं होतं. ना भीती, ना फुगवलेला दावा.

७) ज्याकडे कोणी पाहत नाही : झोप

रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत जागरण आणि पहाटे सहरीला उठणं, यात झोपेचे तुकडे पडतात. झोप आणि प्रतिकारशक्तीचं नातं मात्र चांगलं तपासलेलं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १५३ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले गेले. आधीच्या दोन आठवड्यांत सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली.

म्हणून रमजानमध्ये घरातल्या कोणाला सारखी सर्दी होत असेल तर दोष थेट रोजाला देण्याआधी विचारा : झोप किती तास होते? इफ्तारनंतर पाणी किती पोटात जातं? ताटात नुसती भजी-समोसे आहेत की डाळ, भाजी, फळंही आहेत?

८) लहान मुलं आणि आजारी माणसं

इस्लाममध्ये वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, जिथे रोजाची आज्ञा येते, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिलेली आहे. त्यांनी ते दिवस नंतर भरून काढायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही मुभा आहे. म्हणजे ही सवलत कोणा डॉक्टरने बाहेरून घुसवलेली नाही, ती धर्माच्या आतच आहे. पालकांशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

आमच्याकडे पाचवीतल्या एका मुलीच्या आईने एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, तिला काल रात्रीपासून ताप आहे. रोजा ठेवला की शरीर आतून साफ होतं आणि ताप उतरतो असं मोबाईलवर आलंय. ठेवू द्यायचा का?" माउलीच्या प्रश्नात लेकीची काळजीच होती. पण अशा वेळी चुकीच्या मेसेजची किंमत एक लहान मूल मोजतं. म्हणून उत्तर स्पष्ट असायला हवं : नाही. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण दहा टक्के वाढतो, घाम आणि श्वासावाटे पाणीही जास्त जातं. प्रतिकार पेशींना नेमकी त्याच वेळी लढाई लढायची असते. त्यात मुलांच्या यकृतातला साठा लहान आणि मेंदूची साखरेची गरज मोठी, त्यामुळे रक्तातली साखर मोठ्यांपेक्षा लवकर उतरते. तापातल्या मुलाला पाणी, पेज, औषध आणि डॉक्टर हवेत.

हेही सांगून ठेवा :
• क्षयरोगाची औषधं रमजानसाठी बंद करायची नाहीत. डोस चुकले की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ ठरवावी.
• दम्याचा पंप डॉक्टरांना न विचारता थांबवू नये.
• मधुमेह असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असं मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही.
• कोरोनाच्या लशीबाबत अनेक मुस्लिम धर्मगुरूंनी सांगितलं होतं की दंडावर घेतलेल्या लशीने रोजा तुटत नाही. रोजा आहे म्हणून लस टाळण्याचं कारण नाही.

९) शाळेत आपण काय करावं?

लहान मुलं घरातल्यांचं पाहून हौसेने रोजा ठेवतात. पहिल्या रोजाचं घरात कौतुकही मोठं असतं. अशा वेळी :
• "आज कोणाकोणाचा रोजा आहे?" असं सगळ्या वर्गासमोर विचारू नका. रोजा नसलेलं मूल शरमतं आणि असलेलं हट्टाला पेटतं. बाजूला घेऊन विचारा.
• रोजा असलेल्या मुलाला खेळाच्या तासाला सावलीत बसून गुण मोजणं, नोंदी ठेवणं अशी कामं द्या.
• पोषण आहाराच्या वेळी त्याला वाचनकोपऱ्यात बसायची मोकळीक द्या. पण त्याला खावंसं वाटलं तर "अरे, तुझा रोजा होता ना!" असं कोणीही म्हणायचं नाही, हे वर्गाला आधीच सांगून ठेवा.
• चक्कर, थंड घाम, उलटी, बोलण्यात गोंधळ, फार गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. मूल शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या, पालकांना फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्या.

घरी पालकांनी सहरी चुकवू देऊ नये. भाकरी किंवा चपाती, डाळ, अंडं, दही असं टिकणारं अन्न असावं. इफ्तारला खजूर, पाणी, फळं आधी आणि तळलेलं बेतानं. पाणी एकदम न ढोसता इफ्तार ते सहरी थोडं थोडं प्यावं.

१०) वर्गात घेता येतील असे उपक्रम

• वजाबाकी आणि चंद्र (चौथी-पाचवी) : भारतात २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला सुरू झाला आणि २०२५ मध्ये २ मार्चला. किती दिवस अलीकडे आला? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असल्याने असं होतं. मग रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून यायला साधारण किती वर्षं लागतील? (उत्तर : सुमारे ३३.)
• उपवासांची तुलना (पाचवी-सहावी) : रोजा, एकादशी, जैनांचे पर्युषणातले उपवास, ख्रिस्ती बांधवांचा लेंट. पाणी चालतं का? किती वेळ? काय वर्ज्य? कोणाला सूट? तक्ता मुलांनी घरी विचारून भरायचा. यामुळे एकाच धर्माची मुलं 'नमुना' म्हणून उभी राहत नाहीत.
• मेसेज तपासा (सातवी-आठवी) : आरोग्याचा कोणताही व्हायरल मेसेज घ्या आणि चार प्रश्न विचारा. प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर? किती वेळ? आणि काय मोजलं?

शेवटी एवढंच. रोजा ठेवणाऱ्या निरोगी माणसाला घाबरवायला विज्ञानाकडे कारण नाही, आणि आजारी मुलाला उपाशी ठेवायला धर्माकडे कारण नाही. हे दोन्ही एका दमात सांगू शकणारा माणूस गावात बहुतेक वेळा शिक्षकच असतो. तेव्हा रमजान सुरू होण्याआधीच्या पालकसभेत यावर दहा मिनिटं जरूर बोला. तुमच्या शाळेत तुलनेचा तक्ता तयार झाला तर आम्हालाही कळवा.